दीड पानाचं मरण

मालिकांमध्ये मी बारा वर्षं माणसं मारली. संवाद लिहायचे हे माझं काम. एखाद्या नटाला दुसरीकडे जायचं असलं की चॅनलवरून निरोप यायचा आणि मी त्याचं पात्र संपवायचे. अपघात, हार्ट अटॅक, दरीत पडणं, जे सोयीचं असेल ते. पण कसाही गेला तरी जाण्याआधी तो बोलायचा. पलंगावर पडून, नाकात नळी, बायकोला एक, धाकट्या भावाला दुसरं, आईला तिसरं असं सांगून झालं की मग मान टाकायची. एका सासऱ्याला मी तीन भाग बोलतं ठेवलं होतं. मढच्या भाड्याच्या बंगल्यात ते शूटिंग झालं आणि त्याच्या शेवटच्या वाक्याला लाइटवाल्यानेही डोळे पुसले. मला त्याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

मग ती मालिका बंद झाली आणि दुसरी लवकर मिळेना. ओळखीच्या एका कॅमेरामनने अंधेरीतल्या एका कंपनीचा नंबर दिला. व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा, आठ-नऊ पोरं-पोरी, आणि खाली दिवसभर लोखंड कापणारं वर्कशॉप. मालक तिशीचा, बोरिवलीचा मराठी मुलगा. त्याला मराठीत गेम काढायचा होता. कोकणकिनारा, जुना काळ, समुद्रावरून येणारे लुटारू. "मॅडम, ग्राफिक्स आमच्याकडे आहेत," तो म्हणाला. "रडवणारं माणूस नाहीये."

मी आयुष्यात कधी गेम खेळले नव्हते. पहिला आठवडा त्याने मला शेजारी बसवून चार-पाच गेम दाखवले. मी वही घेऊन बसायचे आणि प्रश्न लिहून ठेवायचे. गावातली बाई विहिरीवर उभी आहे, तिच्याजवळ जावं तेव्हा ती एकच वाक्य बोलते. दहा वेळा जा, दहा वेळा तेच. मी तिच्यासाठी सहा वाक्यं लिहून दिली तर मालक म्हणाला, "एक पुरे. तिला दुसऱ्यांदा भेटायला कोण जातंय?" कुणीतरी धावत येऊन ओरडतं, "गाव पेटलंय, लवकर चल!" आणि आपण आठ दिवस नदीवर मासे पकडत बसलो तरी चालतं. गाव पेटायचं थांबतं, आपण पोचलो की मगच जळायला लागतं. हिरोच्या पाठीवर काही दिसत नाही, पण त्याच्या पिशवीत तीन तलवारी, एक नांगर आणि सतरा नारळ असतात.

"हे लोकांना खटकत नाही?" मी विचारलं.

"सवय आहे सगळ्यांना," तो म्हणाला.

आमच्या मालिकांत बायका नथ घालून झोपतात. मी कुणाला हसणार?

आमच्या गेमची गोष्ट दोन भावांची होती. आईबाप नाहीत, थोरल्याने धाकट्याला वाढवलेलं. लुटारू येतात, किनाऱ्यावर थोरल्याला बाण लागतो, धाकट्याच्या मांडीवर तो प्राण सोडतो आणि धाकटा होडी काढून सूड घ्यायला निघतो. धाकटा म्हणजे आपण, खेळणारे. थोरल्याचं मरण लिहायचं काम माझं. मी ते एका दुपारी लिहून काढलं. दीड पान झालं. आईची आठवण, लहानपणी दिलेला शब्द, होडीवर प्रेम कर, माझ्यासाठी रडू नको, सगळं होतं त्यात. एका चांगल्या नटाने ते बोलून रेकॉर्ड केलं. मालकाने हेडफोन काढले तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "झकास," एवढंच म्हणाला.

खेळ निम्मा तयार झाल्यावर त्यांना तो कुणाकडून तरी खेळून घ्यायचा होता. ज्याने कधी गेमला हात लावलेला नाही असं माणूस हवं होतं, म्हणजे नवख्याला कुठे अडतं ते कळतं. "साठीच्या पुढचं कुणी आहे का?" मालकाने विचारलं. "माझी आई तर जवळ यायला तयार नाही."

मी म्हटलं, माझी येईल.

माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. महापालिकेच्या हॉस्पिटलात तिने तेहतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली बरीचशी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. मी आणि ती घाटकोपर पूर्वेला राहतो, दोघीच. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका कुरिअरच्या ऑफिसात लागले, आणि मी वीस वर्षांची असताना गेले. दोघंही मालवणकडचे. आईला मुंबईत पन्नास वर्षं झाली, एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण चिडली की मालवणीवर जाते.

"माझं काय काम तिथे?" तिने विचारलं.

"खेळायचं आणि कळलं नाही तर सांगायचं."

"कळलं नाही तर सांगायचं? हे मला जमेल," ती म्हणाली आणि ठेवणीतली कॉटनची साडी काढली.

पहिला दिवस तिचा नुसता सरळ चालायला शिकण्यात गेला. हातात ते दोन दांड्यांचं खेळणं, त्याला ती रिमोट म्हणायची. हिरो भिंतीला डोकं लावून चालत राहायचा आणि ती त्याला म्हणायची, "अरे, मागे फिर ना बाबा." दुसऱ्या दिवशी ती गावात फिरायला लागली. एका घराच्या दारात येऊन थांबली आणि तिने मागे वळून विचारलं, "टकटक करायचं बटन कुठलं?"

तसं बटन नव्हतं. हिरोने दारावर चालून जायचं, दार आपोआप उघडतं.

"लोकांच्या घरात असा शिरतो हा?"

तिथे चित्रं काढणारी एक मुलगी होती, वाकोल्याची. ती खुर्ची ओढून आईच्या शेजारी येऊन बसली. "आजी, आत जा तर खरं. डब्यात लाडू आहेत, ते घ्यायचे."

आई आत गेली. घरची बाई चुलीपाशी उभी होती. आईने, म्हणजे हिरोने, तिच्यासमोर डबा उघडला, पाच लाडू पिशवीत टाकले आणि ती बाई म्हणाली, "राम राम."

"ही ठार वेडी तरी आहे," आई म्हणाली, "नाहीतर हा हिचा जावई."

सगळे हसले. वाकोल्याची मुलगी हसता हसता उठली आणि संध्याकाळपर्यंत तिने प्रोग्रामरच्या मागे लागून दारावर टकटक करायची सोय करून घेतली. आईला ते फार आवडलं. त्यानंतर ती एकाही घरात टकटक केल्याशिवाय गेली नाही.

औषधाचा पाला तिला त्याच दिवशी सापडला. जंगलात एक झुडूप होतं, त्याची पानं पिशवीत ठेवायची आणि लागलं की खायची. हिरो माडावरून पडला, तिने एक पान खायला दिलं, तो टुणकन उठून उभा राहिला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं आता ती यावर बोलणार. ती म्हणाली, "ठीक आहे. इथलं औषध चांगलं आहे. मान्य." आणि नर्सच ती, इतर काही गोळा न करता तिने रान पालथं घालून अकरा पानं जमवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती किनाऱ्यावर पोचली. मी मुद्दाम जवळ उभी राहिले होते. मालकही आला. बाण सुटला, थोरला वाळूत पडला, धाकट्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि भाषण सुरू झालं. आईची बोटं बटनांवर चालायला लागली. पिशवी उघडेना. ती एक एक करून सगळी बटनं दाबत होती आणि वर थोरला बोलतच होता.

"काय झालं, आजी?" मालकाने विचारलं.

"पिशवी उघडत नाही. पाला द्यायचाय ह्याला."

"इथे नाही उघडत. इथे फक्त बघायचं."

"अरे, अकरा पानं आहेत माझ्याकडे. काल धाकटा माडावरून पडला तर उठला ना?"

"हो, पण हा गोष्टीतला भाग आहे. इथे तो मरतो."

आईने पडद्याकडे पाहिलं. थोरला आता लहानपणच्या शब्दावर आला होता. "बाण कुठे लागलाय? खांद्याखाली. श्वास बघ कसा चाललाय, एकेका दमात केवढं बोलतोय. वॉर्डात असं कुणी बोलायला लागलं की आम्ही म्हणायचो, बाबा, गप पड, बरा आहेस तू." मग तिचा आवाज चढला. "इतक्या बोलता आसा तर मरता कित्याक?"

थोरला मेला. संगीत वाजलं. मालक हसला, पण मला त्याचा चेहरा दिसत होता, तो हिरमुसला होता.

आईने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी ती वाटेत कुठे न थांबता धावत गेली. बाण त्याच क्षणी सुटला. तिसऱ्यांदा तिने आधीच अंगणात थोरल्याला पाला द्यायचा प्रयत्न केला, तो घेईना. चौथ्यांदा ती किनाऱ्याच्या वाटेवर थांबली, मागे फिरली आणि घरी आली. अंगणात थोरला जाळं दुरुस्त करत बसलेला होता. तिने त्याच्याशी बोलायचं बटन दाबलं. "आज वारा बरा आहे," तो म्हणाला. हे वाक्य मीच लिहिलेलं.

मग ती किनाऱ्यावर गेलीच नाही. गावात फिरली, विहिरीवर गेली, टकटक करून चार घरांत जाऊन आली, आणि दरवेळी अंगणात येऊन बघायची. थोरला जाळं विणत होता. वारा बरा होता.

अर्ध्या तासाने मालक म्हणाला, "आजी, किनाऱ्यावर जावंच लागेल. त्याशिवाय पुढचं सुरू होत नाही."

"मी गेले की तो मरतो. नाही गेले तर बसलेला असतो." आईने त्याच्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "मग मी कशाला जाऊ?"

खाली वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा आवाज चालू होता.

"हा मरताना बोलतो ते कोणी लिहिलंय?" आईने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली, आणि रिमोट टेबलावर नीट ठेवून पर्स उचलली.

अंधेरीहून आम्ही मेट्रो धरली. खरं सांगायचं तर मी दुखावले होते. घरी आल्यावर मी चहा टाकला, ती मेथीची जुडी घेऊन निवडायला बसली. बाहेर अजून उजेड होता. चहा देताना मी म्हटलं, "आई, तू म्हणतेस मरणारं माणूस असं बोलत नाही. पण बाबा बोलले होते."

हे मला इथे सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या एकांकिकेबरोबर कोल्हापूरला गेले होते. एकांकिका मीच लिहिलेली. लॉजचा नंबर मिळून मॅनेजरकडे फोन यायलाच दोन दिवस गेले, मी मिळेल त्या एसटीने निघाले आणि पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दारातच आईने मला सांगितलं की जाताना त्यांनी तुझं नाव घेतलं, म्हणाले, पोरीला लिहू दे, तिला अडवू नको. त्या वाक्यावर मी पंचवीस वर्षं काढली. नोकरी धरली नाही, बँकेच्या परीक्षा दिल्या नाहीत. काम सुटलं, मालिका पडली, कुणी अपमान केला, की मी ते वाक्य आठवायचे. दोन मालिकांत मी ते जसंच्या तसं वापरलंही होतं.

आईचा हात मेथीवर चालत राहिला. "नाही बोलले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात आणलं तेव्हाच शुद्ध नव्हती. दोन दिवस मी उशाशी होते, डोळे उघडले नाहीत. बोलणार कुठून?"

"मग ते पोरीला लिहू दे?"

तिने निवडलेली पानं एका बाजूला केली. "तू दारात उभी होतीस. खांद्यावरची बॅग काढली नव्हतीस. घर माणसांनी भरलेलं, सगळे तुझ्याकडे बघतायत. आणि तू मला विचारलंस, काय म्हणाले? काय झालं असं नाही विचारलंस. काय म्हणाले. मग मी काय सांगणार होते? काहीच नाही म्हणाले, असं?"

मी खाली बसले. "त्यांना माझं लिहिलेलं आवडायचं ना?"

"वाचलं कधी त्यांनी? बँकेचा फॉर्म आणून कपाटावर ठेवला होता तुझ्यासाठी. मी तो नंतर फाडून टाकला."

"मग लिहू दे हे कोण म्हणालं?"

"मी."

"मग तसं सांगायचं ना, की मी म्हणतेय."

"माझं तू ऐकलं असतंस? आईचं कोण ऐकतं गो? गेलेल्या माणसाचं ऐकतात." तिने देठं कागदात गुंडाळली आणि मेथी धुवायला आत गेली.

मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. राग आला होता, पण कशाचा ते नीट धरता येत नव्हतं. वडिलांनी ते वाक्य म्हटलेलं नव्हतं, म्हणून जणू ते पुन्हा एकदा गेले. आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. कुणीतरी मला लिहू दिलं होतंच, कपाटावरचा फॉर्म फाडून. ती दोन्ही दिवस शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसलेली होती आणि मी तिच्यावर रुसले होते. तिने माफीबिफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं, ते मला आवडतं म्हणून केलं असंही म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, "बाबा शेवटचं काय बोलले? खरंखुरं."

तिला आठवावं लागलं नाही. "कामावर निघाले होते. म्हणाले, दरवाज्याची कडी सैल झालीय, संध्याकाळी बघतो."

"मग?"

"मग काय. पंधरा दिवसांनी सुतार बोलावून करून घेतली."

मी ऑफिसात गेले आणि मालकाला म्हटलं, मला किनाऱ्याचा प्रसंग पुन्हा लिहायचाय. त्याला बरं वाटलं, वाटलं मी भाषण लहान करणार. मी म्हटलं, भाषण काढायचं. आणि पिशवी उघडली पाहिजे.

"पिशवी उघडली तर तो वाचेल."

"वाचू दे."

"मॅडम, भाऊ मेला नाही तर हिरो घर सोडेल कशाला? सगळी गोष्ट त्यावर उभी आहे."

वाकोल्याची मुलगी आपल्या टेबलावरून म्हणाली, "यार, आजींनी चार वेळा प्रयत्न केला त्याला वाचवायचा. असं कुणी करेल असं तुला वाटलं होतं? तू एकदा तरी केलास?"

"मी बनवलाय गेम. मला माहितीये तो मरणार."

"तेच म्हणतेय."

त्याने मला दोन दिवस दिले. घरी येऊन मी आईला विचारलं की खांद्याखाली बाण लागून माणूस वाचला तर त्याचं काय होतं. ती भाकरी थापत होती. तिने पीठ लागलेल्या बोटाने माझ्याच खांद्यावर जागा दाखवली. "इथून काखेत नसांचा जुडगा जातो. तो तुटला की हात नुसता लोंबतो. जखम भरते, माणूस हिंडतो-फिरतो, पण हात गेला तो गेला. आणि कोळी असेल तर? तो वल्हं कसं मारणार?"

ते मी मालकाला तसंच जाऊन सांगितलं. पाला दिला तर थोरला जगतो, पण त्याला होडी चालवता येत नाही. घरात समुद्रावर जाणारा एकच होता, तोही आता अंगणात बसला. धाकट्याला शेजाऱ्याची होडी मागून जायलाच लागणार, आणि सूड घ्यायला नाही, घरची होडी लुटारूंनी नेली ती परत आणायला. मालक खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "आणि पाला नाही दिला तर?"

"तर मरतो. न बोलता."

"हं," तो म्हणाला. "ठीक आहे. वाट लागली माझ्या वेळापत्रकाची, पण ठीक आहे."

त्यातून एक वेगळंच काम निघालं. थोरला जगला म्हणजे धाकटा जेव्हा जेव्हा गावी परत येईल तेव्हा तो तिथे असणार, आणि दरवेळी वारा बरा आहे म्हणून भागणार नाही. त्याच्यासाठी साठ वाक्यं हवी होती. मी बसले लिहायला आणि पहिली दहा-बारा वाक्यं मोठी धीराची झाली. आईने ती ऐकली.

"हा पहिल्या आठवड्यातला," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात सगळे असेच असतात. येणारेजाणारे असतात, लाड होतात. महिन्याने ये ना."

"महिन्याने काय म्हणतो?"

"महिन्याने चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडतो. शर्टाची बटनं दुसऱ्याने लावली तर रागावतो आणि नाही लावली तरी रागावतो. मेल्या हातातच खाज येते, खाजवलं तर लागत नाही. ते कुणाला सांगत नाहीत, सिस्टरला सांगतात."

आम्ही दोघी रोज दुपारी जेवणानंतर बसायचो. ती सांगायची, मी लिहायचे. तिच्या वॉर्डातली किती माणसं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली. एक जण डाव्या हाताने सही शिकत होता आणि भरलेले कागद उशीखाली लपवायचा. एकाने गावी पत्र लिहवून घेतलं की हात बरा आहे. काही वाक्यं माझ्या वडिलांची होती, गिरणी बंद झाल्यावर घरी बसलेले असतानाची. "मला विचारल्याशिवाय दार का उघडलंत?" हे त्यांचं होतं. "मी काय नुसता बसायला आहे का?" हेही. पंचवीस वर्षं मी त्यांचं एकच वाक्य सांभाळलं होतं आणि ते त्यांचं नव्हतं. आता हे असे तुकडे निघत होते, काही चिडके, काही गमतीचे, आणि आई सांगताना त्यांची नक्कल करायची ती इतकी हुबेहूब की मी लिहायचं थांबवून हसत सुटायचे.

पुन्हा रेकॉर्डिंगला तोच नट आला. आपलं मरण कापलं म्हणून तो थोडा नाराज होता. साखरेचं वाक्य त्याने फार दुःखाने म्हटलं. आई काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसली होती, ती उठून आत गेली. "दुःख नाही हो," ती त्याला म्हणाली. "तुमची चिडचिड होतेय. खरी गोष्ट वेगळीच आहे, पण तुम्ही साखरेवर ओरडताय." मग तिने माझी ओढणी मागून घेतली, त्याचा उजवा हात अंगाला बांधून टाकला आणि त्याला म्हणाली, आता पाणी प्या आणि मग बोला. त्याने डाव्या हाताने बाटलीचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना, पाणी शर्टावर सांडलं. तसाच तो वाक्य बोलला. त्यानंतर दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. साठच्या साठ वाक्यं त्याने हात बांधूनच केली आणि जाताना आईच्या पाया पडला.

गेम येऊन आता वर्ष होत आलं. फार गाजला नाही, बुडालाही नाही. थोरल्याबद्दल लोकांनी दोन्ही लिहिलं. एकाने लिहिलं की हा माणूस सारखा कुरकुरतो, याला वाचवून चूक केली. दुसऱ्या एका मुलीने लिहिलं की मोहीम अर्धी टाकून मी फक्त त्याच्याशी बोलायला गावी परत जायचे. बऱ्याच जणांना तो वाचू शकतो हे कळलंच नाही. त्यांना सवय होती, पडद्यावर कुणी मरायला लागलं की हातातलं खाली ठेवून बघत बसायचं.

मी अजून तिथेच काम करते. आईला मालकाने एक टॅबलेट दिला, त्यावर ती दुपारी खेळते. कित्येक महिने ती गावाबाहेर पडलीच नव्हती. थोरल्याची जवळजवळ सगळी वाक्यं ऐकून झाली तेव्हा कुठे तिने होडी पाण्यात घातली. मला वाटलं समुद्रात ती कंटाळेल, पण तिने दोन बेटं पार केली, एका बोटीला बुडवलं आणि परवा लुटारूंच्या किल्ल्याचा बुरूज चढून वर गेली. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, तर तिची हाक आली.

"गो, हय ये जरा. ह्या बघ."

हिरो बुरुजावर उभा होता. समोर वाटेत आडवी एक दोरी बांधलेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आई त्याला पुढे ढकलत होती आणि तो दोरीला अडून जागच्या जागी चालत होता.

"हा एवढा किल्ला चढून आला," ती म्हणाली, "आणि ह्याला ही दोरी ओलांडता येत नाही?"

मी म्हटलं, तिथून पुढे काही बनवलेलं नाही, म्हणून दोरी आहे. तिला पटलं नाही. तिने मला ऑफिसात फोन लावायला लावला. मालक म्हणाला, बघतो. आई म्हणाली, बघतो नको, कधी ते विचार.